संबंधित विभाग

सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सरकारनं मला चोर ठरवलं.

वेळ पक्की आहे. गॅसवर दूध होतं आणि माझी नजर पातेल्यावरून घड्याळाकडे, घड्याळावरून पातेल्याकडे अशी चालली होती. तेवढ्यात पोस्टमननं जिन्यातूनच आरोळी ठोकली, "विधाते मॅडम, रजिस्टर! इन्कम टॅक्सचं!" वरच्या मजल्यावरच्या बायडाबाई कठड्याशी आल्या, समोरचं दार किलकिलं झालं आणि दूध उतू गेलं.

कागदात लिहिलंय की सन २०००-०१ चा माझा आयकर भरलेला नाही. व्याजासह सत्तर हजार चारशे रुपये तीस दिवसांत भरावेत, नाहीतर वसुली होईल. वसुली म्हणजे बँकेतली ठेव. माझ्याकडे दुसरं आहे काय? गंगापूर रोडवरच्या दोन भाड्याच्या खोल्या, एक लोखंडी कपाट आणि चांगलं इंग्रजी.

मी कर चुकवला! शाळेत बाकाखाली सापडलेलं खोडरबरसुद्धा मी सिस्टर क्लोटिल्डच्या हातात नेऊन देत असे. अंबडच्या कंपनीत सत्तावीस वर्षं डायरेक्टरसाहेबांची स्टेनो होते, पण ऑफिसची एक टाचणी घरी आली नाही. गेल्या मार्चमध्ये आम्हा बेचाळीस जणांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. शेवटच्या हिशेबातून 'आयकर' म्हणून माझे एकसष्ट हजार कापले. पगाराच्या स्लिपवर छापलंय तसं. मग ते गेले कुठे?

बेचाळीस जणांपैकी रिटर्नचा फॉर्म भरला एकटीनं, मी. घरी फोन असला तर फॉर्म भरलाच पाहिजे असा नियम आहे. फोन आठवड्यातून एकदा वाजतो आणि तोही राँग नंबर असतो, पण नियम तो नियम. कर कापल्याचा दाखला कंपनीनं द्यायचा असतो. हिशेबनीस शेखर "पुढच्या आठवड्यात देतो, मॅडम" म्हणत राहिला. शेवटी मी नुसती स्लिप जोडून फॉर्म दिला. म्हणजे घोळ कुणाचा ते उघड आहे.

ज्यांनी काही भरलं नाही ते खुशाल झोपलेत. नोटीस मला.

या ठेवीच्या व्याजावर मी जगते; तिच्यातले जेमतेम सत्तर हजार मोडता येतात, ते माझ्या खोलीसाठी आहेत. भावाच्या मळ्याच्या कोपऱ्यात, निशिगंधाच्या कडेला, दहा बाय बाराची एक खोली. जोतं झालंय. घरमालकाला ही जागा मेअखेर रिकामी हवी आहे. पैसे गेले तर ना ही खोली ना ती.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडलं.

आमचं अंबडचं ऑफिस. पण फरशीच्या जागी वाफे, दोरी धरून आखल्यासारखे सरळ, आणि टेबलांखालून पाटाचं पाणी चाललेलं. फायली निशिगंधासारख्या उभ्या होत्या. कुणी घाबरलं नव्हतं. मी टाइप करत होते आणि पाणी माझ्या घोट्यांना लागत होतं, गार, माघात असतं तसं. आमचे डायरेक्टर महाबळसाहेब पँट दुमडून पाण्यात उभे, हातात माझ्या वडिलांचं फावडं. माझ्याकडे बघून हसले. मग त्यांनी एक ढेकूळ अलगद उचललं आणि पाणी पलीकडे वळवलं. पलीकडे काय होतं ते दिसेना, धुकं होतं. माझ्या टेबलाखालचा वाफा हळूहळू उजळ आणि कोरडा होत गेला. मी सांगत होते, "साहेब, आज पाळी आमची आहे," पण तोंडातून टाइपरायटरचा आवाज येत होता.

जागी झाले तेव्हा पाय गार पडले होते. पांघरूण सरकलं होतं, एवढंच.

साहेबांना उगीच असल्या स्वप्नात ओढलं याची मला लाज वाटली. त्यांचा या प्रकरणाशी काय संबंध?

ही डायरी मराठीत का, असं मी स्वतःला कधीमधी विचारते. शाळेत मराठी बोललं की एक आणा दंड होता. तेव्हापासून जे चोरून बोलायचं ते मी मराठीतच बोलते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गडकरी चौकातल्या इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेले. भांडायची तयारी करून गेले होते, पण अधिकारी निघाली तिशीतली मुलगी. वेणी घातलेली, आवाज मऊ. आधी तिनं मला बसायला सांगितलं. भांडणाचा अर्धा दम तिथेच गेला.

"मॅडम, कंपनीनं कापला असेल तर तो तुमच्याकडून पुन्हा घ्यायला आम्हालाही बरं वाटत नाही. पण कापला, असं कंपनीनं म्हणायला हवं ना. ह्या स्लिपवर सही नाही, शिक्का नाही."

"सत्तावीस वर्षांची सही माझ्या चष्म्याच्या नंबरात आहे," मी म्हटलं.

ती हसली. तिनं पाणी मागवलं. "कंपनीच्या कागदावर एक ओळ आणा. यांचा इतका कर कापला होता, बस. मग तुमची मागणी मी थांबवते. पुढचं आमचं आणि त्यांचं."

मुदत दिली बुधवार, २७ मार्चपर्यंत. त्यानंतर होळीच्या सुट्ट्या, मग वर्ष संपतं आणि ते तिच्याही हातात राहत नाही. निघताना तिनं नियमांचं एक पातळ पुस्तकही दिलं. "वाचाल ना?" म्हणाली. वाचीन का म्हणे! मी सोडलेल्या पुडीचा कागदही वाचते.

एक ओळ! अशा चाळीस ओळी मी दिवसाला टाइप करत होते.

रविवार, १७ फेब्रुवारी

मळ्यात गेले. सकाळी दहापर्यंत धुकं निघालं नव्हतं. नदीच्या बाजूनं ते असं येत होतं की वाळू बोलायचा आधी आणि दिसायचा नंतर. वाळू माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी माझ्यासमोर बिडी पाठीमागे धरतो.

मी जोत्यावर चढून बसले. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण खिडकी कुठे येणार हे मला ठाऊक आहे. तिथे बसलं की निशिगंध बरोबर समोर येतो. याच वाफ्यांतला निशिगंध वडील दर शनिवारी कॉन्व्हेंटच्या चॅपलला नेऊन देत. त्याच्या बदल्यात माझी फी माफ. माळ्याची नवसाबाई विधाते त्या शाळेत गेली ती अशी. लोकांचं इंग्रजी पैशांनी येतं, माझं जुड्यांनी आलं.

डोळा लागला असावा. काळूमिस्त्रीच्या हाकेनं जागी झाले. काळूला भिंती चढवायच्या आहेत.

"अक्का, इटा येऊन पडल्यात," वाळू म्हणाला. "हो म्हन, उद्या सुरू करतो काळू."

"थांबू दे थोडं. सरकारशी एक काम निघालंय."

"का वन्सं?" रंगूबाई, माझी भावजय, ओढ्याच्या बाजूनं पाटी घेऊन आली. "सरकार बी ऱ्हायला येतंय का तुमच्यासंगं? मंग दोन खोल्या घाला."

मग मी सगळं सांगितलं. "शेवंतीचे थोडे पैसे आल्यात," वाळू म्हणाला. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"आन् खोलीचं काय आडलंय," रंगूबाई माझ्याकडे न बघता पाटीतला मुळा झटकत म्हणाली. "आमच्या घरात एक खाट बसंल. मी जागा करून बी ठिवलीया. रेडकू काढलं तिथलं."

मी म्हटलं, पाहुणी म्हणून मी कुणाकडे राहणार नाही. तिनं मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत इतक्या जोरात कोंबली की पिशवीचा बंद तुटला. या बाईला राग कशाचा येतो ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

शेखरनं सीबीएस स्टँडजवळ एसटीडी बूथ टाकलाय. मला पाहताच उभा राहिला. उभं राहिल्यानं गुन्हा धुतला जात नाही.

"माझा दाखला कुठे आहे?"

"मॅडम, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. दाखला."

"बँकेत कर भरल्याचं चलन असल्याशिवाय दाखला कसा बनवणार, मॅडम? आणि चलन..."

"चलन काय?"

तेवढ्यात आतून एक गिऱ्हाईक बाहेर आलं. शेखरनं सुटे दिले, पुन्हा मोजले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही साहेबांनाच विचारा. सगळ्या कंपनीत ते तुमचंच ऐकायचे."

"स्वतःची चूक साहेबांवर ढकलायची तुझी सवय जुनी आहे."

"चेकवर सही माझी नसायची, मॅडम."

"काय बोलायचं ते नीट बोल."

"मला दोन मुली आहेत," तो म्हणाला.

मुलींचा दाखल्याशी संबंध काय? मी चहा न घेता निघाले.

एका गोष्टीत मात्र त्याचं खरं आहे. साहेब माझं ऐकतील. कंपनीला कुलूप लागल्यापासून ते दिंडोरीला असतात. तिकडे त्यांनी द्राक्षबाग केली आहे. मला हे आधीच सुचायला हवं होतं. कदाचित सुचलंही होतं. कामाशिवाय कसं जायचं, हा प्रश्न होता. आता काम आहे.

शनिवार, २३ फेब्रुवारी

बाटलीच्या हिरव्या रंगाची साडी इस्त्रीला दिली.

दुपारी पडल्यापडल्या जुने दिवस वर आले. १९८३ साली सिन्नरचा एक माल पुरवणारा पैशांसाठी पत्रांवर पत्रं पाठवत होता. साहेब खिडकीशी उभे राहून मजकूर सांगत, पण त्या दिवशी वैतागून म्हणाले, "मिस विधाते, तुम्हीच काहीतरी असं लिहा की माणूस चार महिने गप्प बसेल आणि दुखावणारही नाही." मी लिहिलं, "आपल्या पत्रातील मजकुराची गांभीर्याने नोंद घेण्यात आली असून प्रकरण योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे सुपूर्द करण्यात आले आहे." इंग्रजीत ते याहून गोड लागे. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तुम्ही तर कवी निघालात."

असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

दिंडोरीला जाऊन आले.

बसमधून उतरल्यावर बराच वेळ वेलींमधून चालायचं होतं. द्राक्षं तयार आहेत. घड इतके की मांडवाखाली हिरवा अंधार झालाय, आणि त्यात प्रत्येक वेलाच्या बुडाशी काळ्या नळीतून थेंब, मग पुन्हा थेंब. माती सगळीकडे सारखी ओली. कुणाचं तोंड कोरडं नाही. पलीकडे नवं शेततळं, निळा कागद अंथरलेलं, काठोकाठ. मी तिथे उभी राहिले आणि मला घोट्यांना पाणी लागल्यासारखं वाटलं. ऊन लागलं असावं.

"मिस विधाते!" डोक्यावर हॅट घातलेले साहेब समोरून आले. केस पांढरे झालेत, चाल तीच. "अजून तोच हिरवा रंग!"

त्यांना आठवत होतं.

नव्या ऑफिसात बसवलं. गिलाव्याचा वास अजून गेलेला नाही. गेल्या मार्चमध्ये कामाला सुरुवात केली म्हणाले. म्हणजे ज्या महिन्यात आम्ही घरी जाऊन रडत बसलो, त्याच महिन्यात या माणसानं साठाव्या वर्षी नवा डाव मांडला. याला म्हणतात हिंमत.

मी माझं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पूर्वी ऐकत तसं. "शेखरनं घोळ घातला असणार. पोरगा बरा होता, पण ढिला. तुम्ही असं करा, मला लेखी कळवा. कसं आहे, कागदावर आलेलं बरं. मी जातीनं बघतो." मग म्हणाले, "तुमच्याशिवाय माझं इंग्रजी पांगळं झालंय हो. ही नवी मुलगी, सायली, चांगली आहे, पण तुमच्या जुन्या फायली समोर ठेवून शिकते बिचारी."

द्राक्षांची एक पेटी दिली. बसपर्यंत आपल्या जीपनं सोडलं.

बसमध्ये लक्षात आलं की कागद तिथे होता, टाइपरायटर होता, साहेब होते, मी होते. ती एक ओळ तिथेच झाली असती. लक्षात आलं तोवर ओझरखेड धरणाचं पाणी खिडकीतून मागे चाललं होतं आणि संध्याकाळ इतकी सोनेरी होती की मी फार विचार केला नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

रंगूबाई सकाळी गंगापूर रोडवर भाजी विकून वर आली. पेटी पाहिली. सगळं ऐकलं. एक घड उचलून उजेडात धरला.

"सत्तर हजाराची द्राक्षं हो वन्सं! आन् त्यात बी पन नाय."

"साहेब जातीनं बघणार आहेत."

"बघनारच. चांगली दोन डोळ्यांनी बघतील."

या बाईला माणसांची पारख नाही. निम्मी पेटी तिला देऊन वाटेला लावली. मग बसून साहेबांना पत्र लिहिलं, तीन परिच्छेद, नम्र. उद्या रजिस्टरनं टाकीन.

मंगळवार, ५ मार्च

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतोच.

स्वप्नात माझी खोली पुरी झालेली होती. मी खाटेवर पडले होते आणि खिडकीतून धुकं आत येत होतं, मांजरासारखं, विचारून. दूर कुठेतरी पंप चालला होता. नीट ऐकल्यावर तो माझाच टाइपरायटर निघाला. तो कोण वाजवतंय ते बघायला उठावंसं वाटेना.

शनिवार, ९ मार्च

चॅपलच्या पायऱ्या. सिस्टर क्लोटिल्ड निशिगंधाचे दांडे मोजत होत्या. "नवसा, कमी आहेत." मी म्हणत होते, वडिलांनी पुरे दिले होते. मध्ये एकच माणूस होता. साहेब. हात पाठीमागे घेऊन, वाळू बिडी लपवतो तसे. कुणी त्यांना हात दाखवायला सांगितलं नाही. पण त्यांच्या कोटाच्या बाहीतून इतका वास येत होता, इतका गोड, की सगळ्या मुली वळून बघत होत्या. मी तेवढी वळले नाही.

उठल्यावर बराच वेळ नाकात तो वास होता.

सोमवार, ११ मार्च

त्या मुलीनं दिलेलं नियमांचं पुस्तक वाचून संपवलं. एक गोष्ट डोक्यात बसेना म्हणून तीनदा वाचली. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर पाच लाखांपर्यंत करच नाही. मला पाच लाखांच्या वर मिळाले, म्हणून माझ्यावर कर बसला, ठीक. पण टर्नर ज्ञानेशला तीनच लाख मिळाले होते. त्याच्या स्लिपवर 'आयकर, तीस हजार' असं मी स्वतः टाइप केलं होतं. पॅकिंगच्या वाल्मीकचे वीस हजार.

जो कर नव्हताच, तो कापला कसा? शेखर इतका ढ असेल असं वाटत नाही.

डोकं दुखतंय. झोपते.

गुरुवार, १४ मार्च

उत्तर आलं. जाड, छान कागद, वर द्राक्षाच्या पानाचं चित्र. खाली साहेबांची सही. मधे इंग्रजीत एकच वाक्य.

माझ्या पत्रातील मजकुराची गांभीर्याने नोंद घेण्यात आली असून प्रकरण योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे सुपूर्द करण्यात आले आहे.

स्वल्पविरामासकट माझं.

'संबंधित विभाग' म्हणजे काय हे जगात दोन माणसांना माहीत आहे. असा विभाग कंपनीत कधीच नव्हता. तो माझ्या टेबलाचा सर्वांत खालचा खण. त्यात पत्र गेलं की परत यायचं नाही. सिन्नरच्या त्या माणसाची अकरा पत्रं गेली होती.

शुक्रवार, १५ मार्च

दुपारी झोपले. स्वप्न पडलं नाही.

शनिवार, १६ मार्च

शेखरच्या बूथवर गेले. आज चहा घेतला. त्यानं काही बोलायच्या आत मीच विचारलं, "एकाचाही भरला नव्हता ना?"

"एकाचाही नाही, मॅडम. बेचाळीस जणांचा मिळून जो आकडा झाला तो साहेबांनी एका चेकनं काढला. तळं खोदणाऱ्याला."

मी काचेबाहेर बघत राहिले. सीबीएसवर दिंडोरीची गाडी लागत होती. कंडक्टर ओरडत होता.

मग मी म्हटलं, "आतलं बूथ रिकामं आहे का? मला बरेच फोन करायचे आहेत." बहुतेकांकडे फोन नाहीत. कुणाच्या शेजारी, कुणाच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, असे निरोप ठेवले. शेखरनं पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवून आले.

रविवार, १७ मार्च

सव्वीस जण आले. मला वाटलं होतं पाचसहा येतील. बसवायला जागा नव्हती, म्हणून सगळे माझ्या जोत्यावर बसले, कडेनं पाय सोडून. भिंती नसलेलं बरंच झालं.

"मॅडम," ज्ञानेश म्हणाला, "आत्ता आमच्याकडं कोनी काय मागत नाय. मंग आपनच जाऊन सांगायचं, या, मागा?"

"तुझ्याकडे मागणार नाहीत. तुझे तीस हजार कापायलाच नको होते. फॉर्म भरलास तर ते तू सरकारकडे परत मागायचे. सरकार विचारील, आमच्याकडे आलेच नाहीत, मग कुठे गेले? आणि सव्वीस जणांनी एकदम मागितले तर सरकार स्वतः दिंडोरीला जाईल बघायला."

"लय वाईट डोकं हाय मॅडमचं," वाल्मीक मागून म्हणाला. "बरं झालं, इतके दिवस त्येंच्या बाजूला व्हतं म्हनून आपन मार खाल्ला."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं.

शेखर उशिरा आला, मुलींना दोन्हीकडे धरून. "मी लिहून देतो. कापला, भरला नाही, चेक कुणाला गेला ते सगळं. या दोघींना सांगून आलोय." धाकटी लगेच निशिगंधात पळाली.

रंगूबाईनं सगळ्यांना पिठलंभाकरी वाढली. मला वाढताना म्हणाली, "वन्सं, खोली झाली तर झाली. नाय झाली तर खाट हाय तिथंच हाय." या वेळी मी नाही म्हटलं नाही. तिनं भाकरीवर आणखी एक भाकरी ठेवली.

काळू भिंतींचं विचारत होता. मी म्हटलं, पंचवीस तारखेला दुपारी सांगते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर पाण्याची पाळी होती. वाळू फावडं घेऊन गेला. पाटाचं पाणी वळून निशिगंधात शिरताना मी अंधार पडेपर्यंत बघत बसले. आवाज फारसा येत नाही. माती काळी होत जाते, एवढंच दिसतं.

सोमवार, १८ मार्च

आज साहेबांना पत्र टाकलं. सत्तावीस वर्षांत त्यांची हजारो पत्रं लिहिली, सगळी इंग्रजीत. हे मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांना ते आपलंच वाटलं असतं. इथे नक्कल ठेवते.

*श्री. महाबळ यांस,*

*आपलं उत्तर मिळालं. ते मी १९८३ साली लिहिलं होतं. ते वाक्य मी परत घेत आहे. यापुढे ते वापरू नये, आणि सायलीलाही वापरायला लावू नये. ती मुलगी शिकते आहे. तिनं काहीतरी बरं शिकावं.*

*माझी मागणी एका ओळीची आहे. माझ्या शेवटच्या हिशेबातून आयकर म्हणून एकसष्ट हजार रुपये कापले होते, असं कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यासह लिहून द्यावं. ते कुठे गेले हे मी विचारत नाही. दिंडोरीचं तळं मी पाहिलं आहे, आणि विचारणारे दुसरे येतील.*

*कालपासून कंपनीच्या सव्वीस माणसांना मी फॉर्म भरायला शिकवते आहे. उरलेल्यांना निरोप गेले आहेत. शेखर यांचं लेखी निवेदन माझ्याजवळ आहे. या पत्राच्या प्रती आयकर अधिकारी, शेखर आणि त्या सव्वीस जणांना दिल्या आहेत. ज्या पत्राला तारीख आणि प्रती असतात त्याच पत्राला आपण उत्तर देता, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही.*

*हिरव्या रंगाची साडी रंगूबाईला दिली. तिला ती जास्त शोभते.*

*उत्तर आपल्या स्वतःच्या शब्दांत असावं. ते जमत नसेल तर मराठीत लिहावं. मराठीला आता दंड नाही.*

*उत्तर लेखी हवं. सोमवार, २५ मार्च २००२, दुपारी बारा वाजण्याच्या आत, विधाते मळा, गंगापूर, नाशिक या पत्त्यावर. हा पत्ता आता कायमचा आहे.*

*नवसाबाई विधाते*